यंत्राचें नाक खालीं आणतांना



बागेंतील हिरवळ कापण्याच्या यंत्रावर बसून शर्यत लावावी, ही कल्पना प्रथम ऐकणारास थट्टेची वाटेल. आणि तिचा जन्म बराचसा थट्टेंतच झाला. इंग्लंडमधील वेस्ट ससेक्स परगण्यांत विसबरो ग्रीन नांवाचें एक खेडें आहे. तेथील 'क्रिकेटर्स आर्म्स' या पानगृहांत १९७३ सालीं जिम गॅव्हिन व त्याची मित्रमंडळी बसली होती. मोटारींच्या शर्यतींचा खर्च सामान्य माणसाच्या आटोक्याबाहेर गेलेला; तेव्हां स्वस्तांत शर्यत कशाची लावतां येईल, असा प्रश्न निघाला. गवत कापण्याचें यंत्र तर ज्याच्या त्याच्या घरामागें होतेंच! त्यांतून जी संस्था उभी राहिली तिनें रोख बक्षिसें ठेविलीं नाहींत, जाहिरातदारांचा पैसा घेतला नाहीं आणि एंजिनांत फेरफार करण्यास मनाई केली. पातीं मात्र काढून टाकावीं लागतात. हा नियम कोणास समजावून सांगण्याची गरज पडत नसावी. १९७८ पासून बारा तासांची, रात्रभर चालणारी शर्यतही होऊं लागली, आणि स्टर्लिंग मॉससारखा नामांकित मोटारचालक या खेळांत उतरला.

एंजिनाला हात लावावयाचा नाहीं, म्हटल्यावर सारी कल्पकता सांगाड्याकडे वळते. १८३० सालीं ग्लॉस्टरशायरच्या एडविन बडिंगनें गिरणींतील कापडाची लव कातरणारें यंत्र पाहून हिरवळ कापण्याचें यंत्र रचिलें, तें माणसानें चालत ढकलावयाचें होतें. आजचें बसावयाचें घरगुती यंत्रही माणसाच्या चालीहून फारसें वेगानें जात नाहीं. शर्यतींत तेंच ताशीं ४० मैलांच्या घरांत पळवितात. बैठक उंच, रुंदी बेताची, टांग्याला असतात तशा कमानीसुद्धां नाहींत. वळणावर असें यंत्र कलंडलें तर तें बसणाराच्या अंगावरच यावयाचें. म्हणून नवशिक्याच्या मनांत पहिला विचार येतो तो हा कीं, यंत्राचें नाक खालीं आणावें.

विचार चुकीचा नाहीं, पण अर्धवट आहे. समजा, पुढच्या व मागच्या आंसांमध्यें ४८ इंच अंतर आहे आणि चालकासह एकंदर वजनापैकीं दोन-तृतीयांश मागच्या चाकांवर पडतें. म्हणजे गुरुत्वमध्य मागच्या आंसापासून १६ इंच पुढें झाला. आतां पुढचें तोंड ४ इंच खालीं आणलें, तर गुरुत्वमध्य किती उतरेल? वर्गांत हा प्रश्न घातला असतां निम्मीं मुलें 'चार' म्हणून हात वर करितात. उत्तर आहे सुमारें सव्वा इंच. यंत्र खालीं आलेलें नसतें. तें नुसतें वांकलेलें असतें.

आणि हा सव्वा इंच तरी पदरांत पडतो का? येथेंच खरी मेख आहे. घरगुती यंत्राचा पुढचा आंस सांगाड्याला दोन्ही टोंकांशीं जोडलेला नसतो. तो मधोमध एका खिळीवर झुलतो. खांचखळग्यांतून जातांना चारही चाकें जमिनीला टेंकलेलीं राहावींत म्हणून ती सोय. परंतु त्यामुळें चार चाकांचें यंत्र उलटण्याच्या बाबतींत तिपाईच ठरतें: दोन पाय मागचीं चाकें, तिसरा पाय ती खीळ. आपल्या रस्त्यांवरील रिक्षा जोरांत वळतांना ज्या भीतीनें आपण दांडा घट्ट धरतों, तीच ही भीति.

उलटतांना यंत्र ज्या रेषेभोंवतीं फिरतें, ती मागच्या चाकाच्या जमिनीवरील टेंकापासून या खिळीपर्यंत जाते. लहान चाकें बसविलीं, किंवा मधें खोलगट केलेला आंस घातला, तर तोंडाबरोबर खीळही ४ इंच उतरते. मग गुरुत्वमध्यापाशीं ती रेषासुद्धां एक-तृतीयांशानें, म्हणजे तितकाच सव्वा इंच, खालीं जाते. दोहोंमधील उंची होती तेवढीच राहिली! यंत्र दिसावयास बुटकें झालें, पण उलटण्याच्या पहिल्या क्षणीं तें पूर्वीइतकेंच अस्थिर आहे. याउलट सांगाड्यांतील खिळीचें भोंकच वर सरकविलें, आंस व खीळ जमिनीपासून होतीं त्याच उंचीवर ठेविलीं आणि सांगाडा त्यांच्याभोंवतीं खालीं घेतला, तर लाभ खरा होतो. त्याच्या जोडीला आंसाच्या झुलण्यास दोन्ही बाजूंनीं अडसर घालावे. झोंका थोडा उरला पाहिजे, नाहीं तर एक चाक नेहमीं अधांतरीं राहील. पण अडसर लागला कीं तिपाईचा चौरंग होतो. माझ्या मतें चार इंचांच्या खटाटोपापेक्षां या दोन लोखंडी तुकड्यांची किंमत अधिक आहे.

आतां सुकाणूकडे पाहूं. सायकलचा पुढचा चिमटा वरून मागें कललेला असतो, म्हणून चाक आपण होऊन सरळ धांवण्याकडे ओढ घेतें. चाकें वळविणाऱ्या उभ्या खुंट्यांनाही असाच कल लागतो. ४८ इंचांच्या अंतरावर तोंड ४ इंच वांकविलें कीं सांगाडा जवळजवळ पांच अंशांनीं पुढें झुकतो आणि खुंट्यांचा तेवढाच कल नाहींसा होतो. मुळांतच तो थोडा असेल तर खुंट्या उलट दिशेस कलतात. मग सरळ वाटेवर यंत्र भरकटूं लागतें, चालक तें सांवरीत राहतो, आणि वेग वाढला कीं हात पुरे पडत नाहींत. उपाय दोन: आंसाची बैठक तेवढ्याच अंशांनीं मागें कलती करावी, किंवा मागची बाजूही खालीं घ्यावी. दुसरा उपाय श्रमाचा, कारण मागें दांतेरी चक्रांची पेटी असते. परंतु गुरुत्वमध्य पुरा ४ इंच उतरतो तो याच मार्गानें. सुकाणूचे जोडदांडेही पुन्हां समपातळींत आणावे लागतात. ते तिरपे राहिले तर प्रत्येक उंचवट्यावर चाकें आपोआप वळतात.

खालीं किती यावें? सांगाड्याखालीं निदान चार बोटें मोकळीं राहावींत. शर्यतीची वाट म्हणजे कांहीं गालिचा नव्हे. पहिल्या कांहीं फेऱ्यांतच तीवर चाकोऱ्या पडतात. आणि हें माप चालक बैठकीवर बसलेला असतांना घ्यावें, कारण टायर त्याच्या वजनानें दबतात. खुंट्यांचें वेल्डिंग नवें असेल तर प्रत्येक शर्यतीनंतर चिखल धुवून सांधे बारकाईनें पाहावे. भेग प्रथम केसासारखी दिसते.

चालकाला पट्ट्यानें बांधीत नाहींत, तें मुद्दामच. यंत्र उलटलें तर त्याला दूर फेंकलें जातां यावें. त्याच्या मनगटाला एक दोरी असते. तो बैठकीवरून उडाला कीं तिचें दुसरें टोंक यंत्रापासून सुटतें आणि एंजिन बंद पडतें. तोंड खालीं घेतल्यावर पुष्कळदां बैठकही मागेंपुढें सरकवितात. तेव्हां ही दोरी नव्या मापाची करावी. लांब राहिली तर चालक जमिनीवर पडूनही चाकें फिरत राहतील.