मासा सुटतो तो घरीच

जाळीवाल्यांची गोष्ट वेगळी. आज मी बोलणार आहे ते खडकावर, जेटीवर रील घेऊन गरवायला जाणाऱ्यांशी. 'मोठा लागला होता, पण तंगूस तुटला,' हे आपण सगळ्यांनीच कधी ना कधी म्हटलेलं असतं. माझा अनुभव असा, की त्यातले बरेच मासे खडकावर सुटत नाहीत. आदल्या दिवशी घरी, रील भरतानाच ते सुटलेले असतात.

आधी निवड. नायलॉनचा तंगूस ताणला जातो, झटका सोसतो. कपारीतल्या गोब्र्यासाठी तोच बरा. विणलेली दोरी तेवढ्याच ताकदीला जवळपास निम्म्या जाडीची असते. लांब जाते आणि माशाचा हलका टोलाही हाताला कळवते. पण कालवांच्या धारेवर ती पटकन कापली जाते. म्हणून तिच्या टोकाला वावभर जाड तंगूस जोडावाच.

आता भरणं. आपल्या नेहमीच्या स्पिनिंग रीलचा स्पूल भरताना गोल फिरत नाही. बाहेरची तार त्याच्याभोवती फिरून दोरी गुंडाळते. त्यामुळे वेढ्यागणिक पीळ पडतो. विकतच्या दोरीची गुंडी उलट्या पिळानं सुटली तर तो फिटतो, नाहीतर वाढतच जातो. आधी तार उघडून मगच स्पूलला गाठ मारा. विणलेली दोरी असेल तर खाली आठ-दहा वेढे नायलॉनचे घ्या, नाहीतर सगळीच दोरी स्पूलवर घसरते. गुंडी जमिनीवर आडवी ठेवा, चिठ्ठीची बाजू वर. ओल्या फडक्यात दोरी धरून, ताण देत पंधरा-वीस वेढे भरा आणि थांबा. दोरी सैल सोडा. ती स्वतःभोवती वळू लागली, तर गुंडी उलटी करा. स्पूलच्या काठाखाली दोनेक मिलिमीटर जागा राखा. काठोकाठ भरलीत तर वेढे एकदम सुटून गुंता होतो. कमी भरलीत तर दोरी काठाला घासते आणि फेक आखूड पडते.

आणि एक कळकळीची विनंती. काढलेला जुना तंगूस खडकावर टाकू नका. नायलॉन कुजत नाही. त्यात पक्ष्यांचे पाय, कासवांच्या माना अडकतात. तो घरी आणा, बोटभर तुकडे करा आणि मगच कचऱ्यात टाका.