आधी वैरण, मग दाणा

आपल्या जिल्ह्यात थंडी पडली की पहिली बातमी येते ती निफाडची. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला, हे सकाळच्या चहाबरोबर वाचायची आपल्याला सवयच झाली आहे. डिसेंबर २०१८ मध्ये तो १.८ अंशांपर्यंत खाली गेला होता. अशा दिवसांत द्राक्षबागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटतात, शेतकरी रात्र रात्र जागतो. त्याची वर्षाची कमाई त्या वेलींवर असते. पण त्याच रात्री उघड्यावर उभ्या असलेल्या जनावरांसाठी काय करायचं? आज त्यांच्याविषयी, आणि विशेष करून घोड्याविषयी बोलायचं आहे.

नाशकातले टांगे आता जवळजवळ इतिहासजमा झाले, पण घोडे संपलेले नाहीत. येवल्याचा घोडेबाजार सगळ्यांना ठाऊक आहे. तिकडे नंदुरबार जिल्ह्यात, तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते, तेव्हा मार्गशीर्षाच्या ऐन थंडीत शेकडो घोडे उघड्या मैदानात बांधलेले असतात. आणि तुळशीचं लग्न लागलं की आपल्या गावोगावच्या वराती सुरू होतात.

माझं लहानपण टांगेवाल्यांच्या शेजारात गेलं. रात्री टांगा सुटला की घोड्याला लगेच दाणा देत नसत. आधी कोरड्या गवताच्या मुठीनं त्याचा घाम पुसायचा, पाठीवर गोणपाटाची झूल टाकायची, धाप बसू द्यायची, मग पाणी. त्यानंतर वैरण, आणि भिजवलेल्या हरभऱ्याचा तोबरा सगळ्यांत शेवटी. ही माणसं शाळेत फारशी गेलेली नव्हती, पण त्यांचा क्रम पक्का होता.

आपण बोलताना ‘दाणा-वैरण’ म्हणतो. शब्दात दाणा पुढे आणि वैरण मागे. थंडीत मात्र हा क्रम उलटा करायला हवा. घोड्याच्या मोठ्या आतड्यात सूक्ष्म जीव असतात. कडबा, सुकं गवत अशी तंतुमय वैरण ते तासन् तास आंबवत राहतात आणि त्यातून उष्णता तयार होते. म्हणजे घोड्याची शेकोटी त्याच्या पोटातच असते, आणि वैरण हे तिचं सरपण. दाण्यानं ताकद येते, पण रात्रभर पुरणारी ऊब येते ती वैरणीनं. घोड्याला दिवसाला साधारण वजनाच्या दोन टक्के वैरण लागते. तीनशे किलोच्या घोड्याला सहा किलो. कडाक्याची थंडी असेल तर त्यात किलोभर वाढवावी, आणि मोठा वाटा रात्रीसाठी राखून ठेवावा.

कोरड्या वैरणीला पाणी भरपूर लागतं. पण रात्रभर हौदात गारठलेल्या पाण्याला घोडा नुसतं तोंड लावतो आणि सोडून देतो. मग आतड्यात चारा अडकतो, पोटशूळ उठतो. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे हा शूळ जिवावरही बेततो. उपाय साधा आहे. विहिरीचं ताजं पाणी पहाटे कोमट असतं, ते पाजावं. नाही तर बादलीत थोडं ऊन पाणी मिसळावं.

प्रेमानं केलेली चूकही महागात पडते. थंडी आहे म्हणून एकदम जास्तीचा दाणा, गूळ, पाव, लग्नातल्या उरलेल्या पुऱ्या घोड्यापुढे ठेवल्या जातात. एवढं पिठूळ खाणं पचत नाही, पोटात आम्ल वाढतं, खुरांपर्यंत सूज उतरते आणि घोडा लंगडू लागतो. गाई-बैलांचंही तसंच. संक्रांतीला एकाच दिवशी दहा घरांचा भात आणि पोळ्या गाईच्या पोटात गेल्या, तर पुण्य आपल्याला आणि दुखणं तिला. त्यापेक्षा कडब्याची एक पेंढी द्यावी. शेळ्यांना दव पडलेला ओला लसूणघास भल्या पहाटे टाकू नये, पोट फुगतं. ऊन वर येऊ द्यावं, किंवा आधी थोडा सुका चारा द्यावा.

श्रोतेहो, वरातीचा घोडा संध्याकाळपासून नटून उभा असतो. बँड, फटाके, दिव्यांचा झगमगाट. नाचानाचीत दोन तास कसे जातात, आपल्याला कळत नाही. तो मात्र घामेजतो, मग थांबतो, गार वाऱ्यात थंड पडतो, आणि पोट रिकामं असतं. घोडेवाल्याचाही इलाज नसतो. चारा महाग आणि हंगाम चार महिन्यांचा. एका रात्रीत दोन वराती केल्याशिवाय त्याचं घर चालत नाही.

या हंगामात ज्यांच्या घरी कार्य आहे, त्यांना एवढीच विनंती. मांडवाच्या खर्चात एक ओझं कडबा आणि एक बादली कोमट पाणी धरा. नवरदेव उतरला की घोडेवाल्याला दहा मिनिटं द्या, घोड्याच्या पाठीवर झूल पडू द्या. बिदागीबरोबर त्या मुक्या जिवाची रात्रीची वैरणही द्या. पंगत आपली उठते, त्याचीही उठू द्या.