मद्य, समजूत आणि नकार

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात मद्य हा एक विचित्र साक्षीदार ठरतो. पुरुषाविषयी तो एक सांगतो आणि स्त्रीविषयी नेमके त्याच्या उलट. डेबोरा रिचर्डसन आणि जेनिफर कॅम्बेल या अमेरिकन संशोधकांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना बलात्काराची एक हकीकत वाचावयास दिली होती. हकीकतीतला पुरुष प्यालेला असला की त्याच्याकडे दोष कमी जाई. स्त्री प्यालेली असली की तिच्याकडे तो अधिक येई. यास्तव ‘मद्यामुळे असे घडले’ हे विधान निव्वळ शास्त्रीय राहूच शकत नाही. ते कोणाची तरी सुटका करते. म्हणूनच ते खरे किती आणि कोणत्या अर्थाने, हे काटेकोरपणे तपासणे भाग पडते.

अमेरिकेत झालेल्या पाहण्यांच्या आधारे, सुमारे निम्मे लैंगिक अत्याचार मद्यपान केलेल्या पुरुषांकडून होतात, असा अंदाज आहे. डेट्रॉइट येथील वेन स्टेट विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ अँटोनिया अ‍ॅबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००१ साली मांडला. आकडा मोठा आहे. परंतु दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे त्यांपैकी एक दुसरीचे कारण असतेच असे नाही. जबरदस्तीकडे कल असलेला पुरुष मुळातच अधिक पिणारा असू शकेल. किंवा पुढे सबब हाताशी असावी म्हणूनही तो पीत असेल.

ही गुंतागुंत सोडविण्यासाठी एक चतुर युक्ती योजण्यात आली. अ‍ॅलन मार्लॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात व्होडका आणि टॉनिक वॉटर यांचा उपयोग केला होता. ही दोन पेये मिसळली असता व्होडका आहे की नाही हे चवीवरून सहसा उमगत नाही. प्रयोगात चार गट होते. एका गटाला मद्य मिळेल असे सांगून मद्यच देण्यात आले, तर दुसऱ्याला तसेच सांगून नुसते टॉनिक. तिसऱ्याला टॉनिक असल्याचे सांगून मद्य पाजण्यात आले. चौथ्याला सांगितले टॉनिक आणि दिलेही टॉनिकच. अशा रीतीने शरीरात गेलेले मद्य आणि मनात बसलेली मद्याची समजूत यांची फारकत झाली. मद्यासक्त माणसे किती पितील हे पेल्यात काय आहे यावर नव्हे, तर पेल्यात काय आहे असे त्यांना वाटते यावर ठरले. दोन वर्षांनी, १९७५ मध्ये, हीच रचना आक्रमकतेला लावण्यात आली, तेव्हा मद्य घेतल्याची केवळ समजूतही पुरुषांना अधिक आक्रमक करण्यास पुरेशी ठरली. पुढील अनेक प्रयोगांनी मद्याच्या प्रत्यक्ष परिणामाचेही पारडे जड केले, हे खरे. तथापि ‘मी प्यालो आहे’ हा विचार स्वतंत्रपणे काम करतो, ही गोष्ट त्यानंतर दृष्टीआड करता येण्याजोगी राहिली नाही.

मद्य प्रत्यक्ष काय करते, याविषयी क्लॉड स्टील आणि रॉबर्ट जोसेफ्स यांनी १९९० साली ‘मद्यजन्य ऱ्हस्वदृष्टी’ची कल्पना मांडली. प्यालेल्या माणसाचे अवधान आकुंचित होते. जे निकट आणि ठळक आहे तेवढेच त्याला दिसते, दूरचे आणि अंधुक ते निसटते. स्वतःची वासना निकट असते. समोरचीचा संकोच किंवा हलक्या आवाजातला नकार अंधुक असतो. पण अंधुक म्हणजे अदृश्य नव्हे. आणि पुरुषाच्या वाचनातली चूक सर्वस्वी मद्याची नाही: अ‍ॅबी यांच्या १९८२ च्या अभ्यासात अपरिचित स्त्री-पुरुषांचे पाच मिनिटांचे साधे संभाषण चालू असता दुसरी एक जोडी ते आडून पाहत असे. त्या स्त्रीच्या मैत्रीपूर्ण वागण्यात पुरुषांना स्त्रियांपेक्षा अधिक लैंगिक सूचन दिसले.

आता खरी अडचण. अत्याचार प्रयोगशाळेत घडवून आणता येत नाही, येऊही नये. १९९० च्या दशकात यावर ध्वनिफितीचा तोडगा काढण्यात आला. फितीवर एका जोडप्याचे संभाषण असे. स्त्रीचा नकार क्रमाक्रमाने तीव्र होत जाई, आणि पुरुषाने आता थांबावयास हवे असे वाटताच ऐकणाऱ्याने बटण दाबावयाचे. मद्य घेतलेल्यांना, तसेच ते घेतल्याची नुसती समजूत असलेल्यांनाही, बटण दाबण्यास अधिक वेळ लागला. पण येथे ऐकणारा परक्याच्या वर्तनाचा पंच होता. तो स्वतः काय करील, हे बटण सांगू शकत नव्हते.

ही उणीव संगणकनिर्मित आभासी वास्तवाने काही अंशी भरून निघते. खोट्या व्यक्तीसमोर माणूस खरा वागेल काय, या शंकेला मेल स्लेटर आणि सहकाऱ्यांनी २००६ साली लंडनमध्ये उत्तर शोधले. मिलग्रॅम यांच्या विजेच्या धक्क्यांच्या प्रसिद्ध प्रयोगाची त्यांनी आभासी आवृत्ती केली. समोरची स्त्री चित्र आहे हे पक्के ठाऊक असूनही ती कळवळू लागताच सहभागी व्यक्ती खरोखर अस्वस्थ झाल्या. पुढे डॅलस येथे किशोरवयीन मुलींना आभासी प्रसंगांत ठामपणे नकार देण्याचा सराव देण्यात आला, आणि तो उपयुक्त ठरला. येथेही शिकावयाचे ते मुलींनीच, हे मात्र नजरेतून सुटू नये.

अ‍ॅबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रचनेत परीक्षा पुरुषाची आहे. आभासी भेटीतली तरुणी काही जवळीक मान्य करते, काही नाकारते. नकारानंतरही तो किती वेळा पुढे सरकतो, रागावून बोलतो काय, याची नोंद होते, आणि ती त्याच्या पूर्वायुष्यातील वर्तनाशी ताडून पाहिली जाते. याच प्रसंगापूर्वी वर सांगितलेले पेले हाती दिले, की मद्य आणि मनुष्य यांचा वाटा वेगवेगळा मोजण्याची शक्यता निर्माण होते.

या साधनाच्या मर्यादाही मोठ्या आहेत. मात्रा वाढली की समजुतीचा खेळ टिकत नाही. भरपूर प्यालेल्याला आपण प्यालोच नाही असे पटविता येत नाही. प्रयोगशाळेला नशा माफकच ठेवावी लागते, आणि मद्य पुरेसे उतरेपर्यंत त्या माणसाला घरी सोडता येत नाही. शिवाय पडद्यावरील तरुणीला इजा होणार नाही, हे तो जाणून असतो. तिला हात झटकून खोलीबाहेर जाता येत नाही. रचनेत जेवढे नकार लिहिलेले असतील, तेवढेच ती उच्चारते.