तुले पानी पायजे का?

श्रोतेहो, बी.ए. झालं की बी.एड. करायचं, ही आपल्या महागाव-उमरखेडकडची रुळलेली वाट. या वाटेला एक फाटा आहे, तो फारसा कुणाला ठाऊक नसतो. तो म्हणजे विशेष शिक्षणातलं बी.एड. दोन वर्षांच्या या पदवीत ऑटिझम असलेल्या मुलांना शिकवण्याचा खास विषय घेता येतो.

ऑटिझमला मराठीत स्वमग्नता म्हणतात. आम्हा कवींना कुणी स्वमग्न म्हटलं तर ते कौतुक वाटतं. पण या मुलांचं तसं नाही. कुकरची शिट्टी, वर्गातला कलकलाट, शर्टाची शिवण हेसुद्धा काहींना सोसवत नाही, मग ती कानावर हात ठेवतात. त्याला लोक हट्ट म्हणतात आणि बोल आईला लावतात. डॉ. लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये अशा 11 मुलांचं वर्णन केलं, त्यानंतर कित्येक वर्षं डॉक्टरही आईच्या कोरडेपणाला दोष देत होते. 1964 मध्ये बर्नार्ड रिमलँड यांनी तो समज खोडून काढला. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि अशाच एका मुलाचे वडीलही.

मग या पदवीत शिकायचं काय? आधी पाहायला शिकायचं. दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर कसा लावायचा, हात धुण्यासारख्या कामाच्या लहान लहान पायऱ्या कशा करायच्या, मूल चिडलं तर त्याआधी काय घडलं ते कसं टिपायचं. आणि ऐकायला शिकायचं. आपण विचारतो, "तुले पानी पायजे का?" मूल तेच वाक्य जसंच्या तसं परत म्हणतं. आपल्याला वाटतं, वेडावतंय. खरं तर पुष्कळदा ते पाणीच मागत असतं, आपल्याच शब्दांत.

म्हणूनच हा शिक्षक इथल्या मातीतला हवा. आमच्या तालुक्यात कुणाच्या घरी वऱ्हाडी, तांड्यावर गोरमाटी, आमच्याकडे उर्दू. पुस्तकी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला मूल गप्प राहिलं, तर त्याला येत नाही असं कसं म्हणायचं? घरची बोली जाणणारी मुलगी ती पदवी घेऊन परत आली, तर निम्मं काम तिथंच होईल.

नोकरीचं काय, असं पालक विचारतील. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. किमान 40 टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. प्राथमिकला अशा 10 मुलांमागे आणि माध्यमिकला 15 मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, हे केंद्र सरकारने 2022 मध्ये ठरवलं. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना ही पदं जाहीर करण्याचा आदेशही दिला. आदेश आहे म्हणून पद भरलं जातंच असं नाही, हे आपण जाणतो. पण शिकलेलं माणूसच नसेल, तर मागणी कोणासाठी करायची?

एक खबरदारी घ्या. फी भरण्याआधी त्या अभ्यासक्रमाला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे का, ते पाहा. पदवीनंतर परिषदेच्या नोंदवहीत नाव लागतं, त्याशिवाय हे काम कायद्याने करता येत नाही.

तुमच्या घरात यंदा कुणी पदवीधर झालं असेल, तर आज जेवताना या फाट्याची गोष्ट काढा.