खोलीची वानगी



आमचा आजचा विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. हॉटेलांना पलंग, पडदे, गालिचे, दिवे पुरवून खोल्या सजवून देणाऱ्या कंपन्या, आणि त्यांच्यासाठी छायाचित्रे काढणारा धंदेवाईक छायाचित्रकार! पूर्णाकाठच्या सिद्धेश्वरकरांना त्याचे काय सोयरसुतक? पण वसमतच्या किंवा हिंगोलीच्या हळदबाजारात काय घडते ते आठवा. व्यापारी पोत्यातून वानगी घेतो, हळकुंड मोडून आतला रंग पाहतो आणि मग भाव बोलतो. वानगी एका पोत्याची आणि माल दुसऱ्या पोत्याचा निघाला, तर तेथे पुन्हा कोणी फिरकत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की छायाचित्र ही खोलीची वानगी आहे.

खोली काही पोत्यात घालून नेता येत नाही. पुण्यात केलेले काम नांदेडच्या हॉटेलमालकाला दाखवायचे, तर कंपनीला चित्रच पुढे ठेवावे लागते. त्यावर विसंबून मालक पन्नास खोल्यांचे सामान मागवतो, पुष्कळदा कर्ज काढून. मग सुतार, विणकर, शिंपी कामाला लागतात. माल चित्रासारखा नाही म्हणून परत आला, तर फटका अखेर याच मंडळींना बसतो.

हे काम आपल्या मुलखाला अगदीच परके नाही. १९४८ पर्यंत आपला हा भाग हैदराबाद संस्थानात होता. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४-१९०५) हे मूळचे रुडकीस शिकलेले अभियंते. फलकनुमा राजवाड्याच्या सजलेल्या दालनांची छायाचित्रे त्यांच्या नावावर आहेत. जड कॅमेरा, काचेच्या प्लेटा आणि खिडकीतून येईल तेवढा उजेड, एवढ्यावर त्या काळी काम भागवावे लागे. त्या राजवाड्यात २०१० पासून ताज समूहाचे हॉटेल चालते. दीनदयाळांना तेथले सामान विकायचे नव्हते. तरी कोणती खुर्ची कोठे होती, झुंबर कसे टांगले होते, हे त्यांची चित्रे आज शंभरांहून अधिक वर्षांनी सांगतात. खरी वानगी एवढी टिकते.

आता या कामाची रीत थोडक्यात सांगतो. गवंडी भिंतीला ओळंबा लावतो, तसा छायाचित्रकार कॅमेरा आधी तिवईवर सरळ बसवतो. कॅमेरा वर झुकला की भिंती माथ्याकडे एकमेकींवर कलताना दिसतात. दुसरी अडचण उजेडाची. पिवळ्या दिव्याचे रंगमान सुमारे २७०० ते ३००० केल्विन, तर दुपारच्या उन्हाचे सुमारे ५५००. दोन्ही उजेड एकत्र आले की एकच पांढरी चादर एकीकडे पिवळी आणि दुसरीकडे निळसर उमटते. म्हणून जाणता माणूस दिवे मालवून एक चित्र घेतो, लावून दुसरे घेतो आणि मग दोहोंचा मेळ घालतो. तिसरी गोष्ट कापडाची. सोलापूरचा टॉवेल समोरून झगझगीत उजेडात धरला, तर सपाट फडक्यासारखा दिसतो. बाजूने तिरपा उजेड टाकला की त्याचे एकेक टाके उठून दिसतात आणि विणकराची मेहनत गिऱ्हाइकाला कळते.

पण ज्या हाताला खरे दाखवता येते, त्याला खोटेही दाखवता येते. रुंद कोनाच्या भिंगातून दहा फुटांची खोली पंधरा फुटांची भासते. हल्ली तर यंत्राला सांगितले, की न बनलेल्या खोलीचेही हुबेहूब चित्र क्षणात तयार होते. योजना समजावण्यास असे चित्र जरूर वापरावे. परंतु ‘हे आमचे झालेले काम’ म्हणून ते पुढे करणे ही सरळ फसवणूक होय. पलंगावरची सुरकुती काढावी, तारा झाकाव्यात, यात दोष नाही. पाहुणा येणार म्हणून आपणही अंगण झाडतोच. मात्र शेजाऱ्याचे अंगण आपले म्हणून दाखवू नये.

मालकीचाही एक प्रश्न आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, उलट करार नसेल, तर मोबदला देऊन छायाचित्र काढून घेणारा त्याचा पहिला मालक ठरतो. म्हणजे सजावट कंपनीने पैसे मोजले, तर हॉटेलाने तिला विचारल्यावाचून ते चित्र आपल्या जाहिरातीत छापू नये. हॉटेलाने मोजले, तर कंपनीने विचारावे. ज्याला आपले नाव किंवा हक्क राखायचा आहे, त्या छायाचित्रकाराने ते आधीच कागदावर घ्यावे. तोंडी बोलण्यावर पुढे भांडणे होतात.

औंढा नागनाथ येथून जवळच. यात्रेकरूंसाठी लॉज बांधावे असे तुमच्यापैकी कोणाच्या मनात असेल, तर त्याने कंपनीची चित्रे जरूर पाहावीत. पण खोली कोणत्या गावची, तिची लांबी-रुंदी किती, चित्र केव्हाचे, हे विचारावे. मोठी मागणी देण्यापूर्वी एक नमुना खोली सजवून घ्यावी आणि चित्र हातात धरून तिच्यात उभे राहावे. दोन्ही जुळली, तर खुशाल बयाणा द्यावा. आणि ज्या तरुणाला हा धंदा धरावयाचा आहे, त्याने हळदबाजाराचा नियम मनात ठेवावा : वानगी त्याच पोत्यातली हवी.