किनाऱ्याचे पाणी आणि पैनगंगेचे खोरे
(स्वागताध्यक्षीय भाषण)

सन्माननीय अध्यक्ष, परिषदेचे उद्घाटक, महाराष्ट्र, गोवा, तेलंगण व आंध्र या प्रांतांतून आलेले शास्त्रज्ञ आणि अभियंते, कोकणच्या बंदरांवरून लांबचा प्रवास करून आलेले मच्छीमार बांधव, आणि या जिल्ह्याच्या गावोगावाहून आलेल्या माझ्या शेतकरी बंधूंनो व भगिनींनो,

स्वागत समितीच्या वतीने आणि यवतमाळ जिल्ह्याच्या वतीने मी आपणां सर्वांचे अंतःकरणपूर्वक स्वागत करतो. किनाऱ्याच्या पाण्याच्या गुणवत्तेत दीर्घकाळात घडून आलेले पालट आणि त्यांची मानवी व हवामानविषयक कारणे, हा या परिषदेचा विषय जाहीर झाला तेव्हा, ज्या जिल्ह्यातील पुष्कळ वृद्ध माणसांनी समुद्र आजवर डोळ्यांनी पाहिलेला नाही, त्या जिल्ह्यात अशी परिषद भरविण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न आम्हांला अनेकांनी केला. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर देणे हे स्वागताध्यक्ष या नात्याने माझे पहिले कर्तव्य आहे असे मी मानतो.

ज्या भूमीवर आपण जमला आहात तिचा उतार बंगालच्या उपसागराकडे आहे. जिल्ह्याच्या उत्तरेची व पूर्वेची हद्द वर्धा नदीने आखली आहे, दक्षिणेची पैनगंगेने. बेंबळा आणि निर्गुडा वर्धेला मिळतात. अडाण, अरुणावती, पूस आणि खुनी यांचे पाणी पैनगंगेच्या पात्रात जाते. आणि वणी तालुक्याच्या टोकाला जुगादजवळ पैनगंगा स्वतःच वर्धेच्या स्वाधीन होते. पुढे वर्धा व वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता जन्मते, ती सिरोंचापाशी गोदावरीला मिळते, आणि गोदावरी धवळेश्वरमचा बंधारा ओलांडून, गौतमी व वसिष्ठा अशा शाखांनी विभागून, आंध्रच्या किनाऱ्यावर समुद्रात प्रवेश करते. दारव्ह्याच्या शेतात पडलेला पावसाचा थेंब बाष्प होऊन उडाला नाही, जमिनीत मुरला नाही किंवा धरणात अडला नाही, तर त्याचा अखेरचा मुक्काम काकिनाड्याच्या आसपासच्या पाण्यात असतो. महसुली दफ्तरात जिल्ह्याची हद्द पैनगंगेच्या काठी संपते. पाण्याच्या हिशेबात मात्र ती कोरिंगाच्या खारफुटीपर्यंत जाते.

अरबी समुद्राशीही आमचा संबंध जुना आहे, आणि तो मुख्यतः कापसामुळे आहे. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला, पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, आणि आमच्या काळ्या जमिनीचे मोल एकाएकी वाढले. विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूरपासून यवतमाळपर्यंत अरुंद रुळांची जी आगगाडी आली, जिला लोक आजही प्रेमाने शकुंतला म्हणतात, ती या कापसासाठीच आली. मुंबईचे बंदर आणि मुंबईच्या गिरण्या यांच्या भरभराटीत वऱ्हाडच्या कापसाचा वाटा मोठा होता. आणि ज्या महानगराच्या सांडपाण्याने आज माहीमची व ठाण्याची खाडी काळवंडली आहे, ते महानगर उभारण्यात आमचाही हातभार लागला, ही गोष्ट मी अभिमानाने आणि जबाबदारीच्या जाणिवेने सांगतो.

आता मूळ विषयाकडे वळतो. समुद्राचे पाणी बिघडले असे आपण सहज म्हणतो. परंतु बिघाडातील कोणता अंश निसर्गाचा आणि कोणता मनुष्याचा, हे ठरविणे फार कठीण आहे, आणि ही अडचण आमच्या जिल्ह्याला चांगली परिचित आहे. पांढरकवडा व झरी जामणी या भागांतील कित्येक गावांच्या भूजलात फ्लोराइड आहे. ते खडकातून येते, म्हणून दोष निसर्गाचा. परंतु उथळ विहिरी आटल्या म्हणून आम्ही खोल बोअर घेतले, आणि खडकाच्या पोटात निमूट राहिलेले ते द्रव्य लेकरांच्या दातांपर्यंत व म्हाताऱ्यांच्या हाडांपर्यंत आम्हीच आणून पोचविले. दोष निसर्गदत्त खरा, पण त्याला वाट माणसाने करून दिली.

समुद्राची कथा तत्त्वतः हीच आहे. १९५९ साली करुदर्स, गोगटे, नायडू आणि लेव्हास्तू या संशोधकांनी 'नेचर' या नियतकालिकात असे दाखवून दिले की, मुंबईपासून दूर खोल पाण्यात प्राणवायू अत्यल्प असलेला जो थर असतो, तो किनाऱ्याच्या दिशेने वर सरकतो आणि मासळीवर त्याचा परिणाम होतो. त्या काळी शेतात युरिया फारसा पडत नव्हता आणि मुंबईची वस्तीही आजच्या मानाने थोडी होती. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात व त्यानंतर काही काळ तळाचे पाणी प्राणवायूला पारखे होते, ही निसर्गाची जुनी रीत आहे. परंतु १९९७ पासून गोव्यातील कांदोळीसमोर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने सातत्याने निरीक्षणे घेतली, आणि २००० साली डॉ. एस. डब्ल्यू. ए. नक्वी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दुर्भिक्ष तीव्र होत असल्याचे व त्यातून नायट्रस ऑक्साइड हा वायू मोठ्या प्रमाणात निघत असल्याचे जगापुढे मांडले. हा वायू पृथ्वीची उष्णता कोंडून धरणारा आहे. शेतातून वाहून गेलेले नत्र वनस्पतिप्लवकांचे अन्न होते, ते प्लवक अतोनात माजतात, मरून तळाशी जातात, त्यांच्या कुजण्यात पाण्यातील प्राणवायू खर्ची पडतो, आणि प्राणवायू सरला की जिवाणू नायट्रेटवर निर्वाह करू लागतात व हा वायू बाहेर टाकतात. मानवी कारण आणि हवामानाचे कारण अशी दोन वेगळी खाती आपण आपल्या परिषदेच्या शीर्षकात मांडली आहेत. या ठिकाणी ती एकमेकांत मिसळून जातात. या तीव्रतेत खताचा वाटा किती, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत, आणि या दोन दिवसांत त्यांचा खल व्हावा अशी माझी इच्छा आहे.

मुंबईच्या खाड्यांबाबत मात्र मतभेदाला जागा नाही. तेथील मैला व सांडपाणी अनेक दशके पुरेशा शुद्धीकरणाविना समुद्रात गेले आहे. वरळी व वांद्रे येथे समुद्रतळाखालून सुमारे साडेतीन किलोमीटर लांबीचे बोगदे काढून ते दूर नेऊन सोडण्याची तजवीज झाली, तरी जे पाणी नाल्यांतून आणि मिठी नदीतून थेट खाडीत उतरते ते उतरतेच आहे. ठाण्याच्या खाडीत १९९० च्या दशकापासून रोहित पक्ष्यांचे थवे मोठ्या संख्येने येऊ लागले. २०१५ साली तिला अभयारण्याचा आणि २०२२ साली रामसर क्षेत्राचा दर्जा मिळाला. त्या गुलाबी थव्यांचे सौंदर्य मनाला मोहविणारे आहे. परंतु ज्या नीलहरित शैवालावर ते पक्षी पोसतात, ते सांडपाण्यातील पोषकद्रव्यांवर वाढते, आणि ज्या खाडीत कोळी बांधवांना एके काळी विपुल मासळी मिळे तेथे आज जाळे रिकामे येते, हे सत्य त्या सौंदर्याने झाकले जाऊ नये.

पूर्व किनाऱ्याकडे, म्हणजे आमच्या पाण्याच्या वाटेने, गेलो की चित्र निराळे दिसते आणि मला ते अधिक अस्वस्थ करते. गोदावरी १९७० च्या दशकात वर्षाकाठी सरासरी सुमारे १५ कोटी टन गाळ समुद्राकडे नेत असे; १९९० च्या दशकात तो सुमारे ५ कोटी ७० लाख टनांवर आला. मधल्या काळात खोऱ्यात ठिकठिकाणी धरणे झाली. आमचे इसापूर व अरुणावती त्यांतच मोडतात, आणि त्यांचा आम्हांला उपयोग नाही असे म्हणणे हा कृतघ्नपणा होईल. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा व चापडोह ही धरणे तळाला गेली आणि यवतमाळ शहर टँकरच्या पाण्यावर जगले, तेव्हा साठविलेल्या पाण्याची किंमत आम्हांला पुरती कळली. तथापि गाळ धरणात राहिला आणि समुद्र मुखाशी किनारा खाऊ लागला; १९७६ ते २००० या काळात गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशाची अठराशे हेक्टरांहून अधिक जमीन समुद्रात गेली, असे संशोधकांनी उपग्रहचित्रांवरून मोजले आहे. पावसाळा सरला की धवळेश्वरमच्या बंधाऱ्याखाली गोडे पाणी जवळजवळ थांबते, खारे पाणी नदीमुखातून आत चढते, आणि समुद्रातून नदीत चढणारा जो पुलसा मासा आंध्रच्या जेवणात मानाचा, तो दुर्मीळ होत चालला आहे.

येथे मला ही गोष्ट आग्रहाने सांगावयाची आहे. आमच्या शेतातील माती प्रत्येक मोठ्या पावसात धुपून जाते, पण ती समुद्राला मिळत नाही, वाटेतल्या धरणांत बसते. उलट त्याच पावसात विरघळलेले नत्र, कीटकनाशकांचे अंश आणि वणी भागातील खाणींतून उपसलेल्या पाण्याचे क्षार यांना धरणाची भिंत पुरती अडवू शकत नाही. किनाऱ्याला जे हवे ते आपण वाटेत ठेवून घेतो आणि जे नको ते पाठवितो. शेतकऱ्याचेही यात दुहेरी नुकसान आहे, कारण धुपलेली माती त्याची आणि वाहून गेलेले खतही त्याच्याच पैशाचे. विषाचा विचार तर याहून गंभीर आहे: २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना या जिल्ह्यातील सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले. जे द्रव्य फवारणाऱ्याच्या श्वासातून गेले तर जीव घेते, ते ओढ्यात उतरल्यावर निरुपद्रवी होते असे कोणी समजू नये.

समुद्रही आपल्या बाजूने आमच्याकडे येतो, आणि अलीकडे तो पूर्वीसारखा येत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील डॉ. रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले आहे की, १९०१ ते २०१२ या काळात हिंदी महासागराचा पश्चिम भाग उन्हाळी महिन्यांत सुमारे १.२ अंश सेल्सिअसने तापला. आणि १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतावर एकाच वेळी विस्तीर्ण प्रदेशात कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, ज्यांचे बाष्प अरबी समुद्रावरून येते. कोकणाने ३ जून २०२० रोजी निसर्ग आणि मे २०२१ मध्ये तौक्ते ही वादळे सोसली. आमच्या वाट्याला २२ जुलै २०२३ चा दिवस आला, महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्याला पुराने वेढले आणि हवाई दलाची मदत मागवावी लागली. चार महिन्यांत संथपणे पडणारा पाऊस जेव्हा चार दिवसांत पडतो, तेव्हा माती, खत आणि विष ही तिन्ही एकदम वाहतात. तापलेल्या समुद्राने धाडलेला पाऊस आमच्या रानांतील द्रव्ये घेऊन दुसऱ्या समुद्राकडे निघतो, असे हे चक्र आहे, आणि दर्यावर्दी कोळी व कोरडवाहू कास्तकार हे दोघेही त्यात सापडले आहेत.

मित्रहो, दीर्घकालीन पालट समजण्यासाठी दीर्घकालीन नोंद लागते. तालुक्याच्या कचेरीत पर्जन्यमापकाची नोंद ठेवण्याची शिस्त आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. पावसाचा आणि पैसेवारीचा हिशेब आम्ही सांभाळला, पाण्याच्या गुणाचा मात्र तितक्या निष्ठेने सांभाळला नाही. किनाऱ्याच्या पाण्याची पद्धतशीर राष्ट्रीय तपासणी सुरू झाली ती १९९० च्या सुमारास. त्यापूर्वीचा समुद्र कसा होता हे जाणण्यास आज आपल्याजवळ विखुरलेली शास्त्रीय टिपणे आणि वृद्ध मच्छीमारांची स्मृती एवढेच साधन आहे. ती माणसे हयात आहेत तोवर त्यांचे कथन लिहून घेतले पाहिजे. कोणत्या साली कोणती मासळी दिसेनाशी झाली, कोणत्या नाल्याचे पाणी केव्हा बदलले, हे त्यांना ठाऊक आहे, आणि आज त्यांतील काही जण या मंडपात बसले आहेत.

स्वागत समितीच्या साधनांना मर्यादा आहेत. निवासाच्या व भोजनाच्या व्यवस्थेत काही उणे राहिले तर आपण ते पदरात घ्यावे. ज्वारीची भाकरी आणि झुणका आम्ही आपुलकीने वाढू. परिषदेच्या कामकाजात एक बदल मी अध्यक्षमहाराजांच्या अनुमतीने सुचवितो. शोधनिबंधांचे वाचन झाल्यावर प्रत्येक सत्रात काही वेळ शेतकऱ्यांच्या व मच्छीमारांच्या प्रश्नांसाठी राखून ठेवावा, आणि विद्वानांनी उत्तरे सोप्या मराठीत द्यावीत.

आणि एक विनंती. आपण येथून परत जाण्यापूर्वी पैनगंगेच्या व वर्धेच्या पाण्याचे नमुने बरोबर न्यावेत, त्यांतील नत्र, स्फुरद, क्षार व कीटकनाशकांचे अंश मोजावेत, आणि गोदावरीच्या मुखाशी घेतलेल्या नमुन्यांच्या शेजारी ते एकाच तक्त्यात मांडून दरवर्षी प्रसिद्ध करावेत. नमुने गोळा करण्याचे काम या जिल्ह्यातील शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थी आनंदाने करतील. त्यांना रीत शिकविण्याचे काम आपण पत्करावे. आमच्या शेतकऱ्यांनी खताची मात्रा माती तपासून, विभागून आणि पावसाचा अंदाज पाहून द्यावी, बांधबंदिस्ती सोडू नये, एवढे मी माझ्या जिल्ह्याच्या वतीने त्यांच्यापाशी मागतो. पहिले नमुने घेण्यासाठी उद्या सकाळी पैनगंगेच्या पुलाकडे जाण्याची व्यवस्था समितीने केली आहे. आपण सर्वांनी त्यात अवश्य सहभागी व्हावे, अशी विनंती करून आणि आपले पुनश्च स्वागत करून मी अध्यक्षमहाराजांना परिषदेचे कामकाज सुरू करण्याची प्रार्थना करतो.