तिसऱ्या रागाचें नांव



संगीतशास्त्रांतील कांहीं सांगण्याचा माझा अधिकार नाहीं. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, प्राथमिक शाळेंतून निवृत्त झालेला एक मास्तर. परंतु आयुष्य मिरजेंत गेल्यामुळें कानांवर गाणें पडत आलें, आणि तेवढ्याच भांडवलावर 1986 सालच्या जानेवारींतील एका रात्रीची हकीगत आपल्यापुढें ठेवण्याचें मीं योजिलें आहे. त्या रात्रीं पंडित मल्लिकार्जुन मन्सूर यांना मीं प्रथमच समोर बसून ऐकलें. तत्पूर्वीं रेडिओ आणि ध्वनिमुद्रिका, हींच काय तीं आमचीं साधनें.

मन्सूरबुवा धारवाडकडचे, जन्म 1910 सालचा. परंतु मिरजेला ते परके नव्हते. लहानपणीं नाटक मंडळींत गाणाऱ्या या मुलाला नीलकंठबुवा अलूरमठ यांनीं हेरलें आणि ग्वाल्हेर घराण्याची तालीम मिरजेंत दिली. पुढें अल्लादियाखांसाहेबांचे चिरंजीव मंजीखां व त्यांच्या पश्चात् भुर्जीखां यांजकडून त्यांना जयपूर घराण्याची विद्या मिळाली. या घराण्याच्या भात्यांत अप्रचलित व जोडराग पुष्कळ. त्यांतून बुवांचा स्वभाव असा, कीं आज कोणता बाण निघेल याचा नेम नाहीं. आलापांचें लांबलचक प्रास्ताविक नसे. तंबोरे जुळले, कीं चीज सुरू होई. तान कोठून उठेल आणि कोणत्या वाटेनें समेवर येऊन उतरेल, याचा आपण अंदाज बांधावा आणि तो चुकावा! गणिताच्या पुस्तकांत उत्तरें शेवटच्या पानावर दिलेलीं असतात. येथें तें पानच फाडलेलें.

बैठक एका घराच्या माडीवर होती. आमच्या गांवीं तंबोरे व सतारी करणारांची एक गल्लीच आहे. तिच्या जवळचें हें घर. तुळयांना वाळलेले भोपळे टांगलेले, खालीं दोन सतरंज्या आणि दाटीवाटीनें बसलेले साठ-सत्तर लोक. ध्वनिवर्धक नव्हता, त्याची गरजहि नव्हती.

मजबरोबर आमचे गुरुजी होते. मला त्यांनीं चौथींत शिकविलें होतें. निवृत्त होऊन त्यांना पुष्कळ वर्षें झालीं होतीं आणि डावा कान पूर्णपणें गेला होता. म्हणून उजवा कान बुवांकडे येईल अशा बेतानें, आडवें होऊन, ते भिंतीला टेकून बसले. त्यांची एकच इच्छा होती. पूर्वीं एकदां रेडिओवर बुवांचा बिहागडा लागला असतां ऐन रंगांत वीज गेली होती. "उरलेला अर्धा ऐकावयाचा आहे," असें ते अकरा वर्षें म्हणत आले होते. मीं 'बिहागडा' एवढेंच लिहून चिठ्ठी यजमानांच्या हातीं दिली. ती पुढें पोंचली किंवा कसें, तें मला अद्याप ठाऊक नाहीं.

मजजवळ एक वही असे. तींत डाव्या बाजूस तारीख आणि उजव्या बाजूस रागाचें नांव लिहावयाचें. राग ओळखतां येतो याचा मला तेव्हां मोठा गर्व होता. वय सव्वीस, दुसरें काय!

बुवा आले. देह किरकोळ, वय 75. अशा कुडींतून तो आवाज येतो हें डोळ्यांना पटत नव्हतें. पहिला राग कांहीं केल्या मला ओळखेना. गुरुजी कानाशीं पुटपुटले, "शुद्ध नट." मीं मुकाट्यानें लिहून घेतलें.

दुसऱ्या रागाला मात्र मी सावरून बसलों. कोमल गांधार, कोमल धैवत, गंभीर चाल, रात्रीचा प्रहर. ओळख पटली आणि मीं ऐटींत 'मालकंस' असें लिहिलें. मालकंसांत ऋषभ व पंचम वर्ज्य, हें आमच्या गांवच्या पोरासहि ठाऊक. आणि दुसऱ्याच आवर्तनांत बुवांच्या गळ्यांतून स्वच्छ पंचम आला!

मागच्या एका गृहस्थानें च्यक् केलें. माझ्या पोटांत धस्स झालें. वय झालें, स्वर सुटला, आणि इतक्या लोकांदेखत! मला मान वर करवेना. एवढ्यांत पंचम पुन्हां आला, या खेपेस ऋषभाला बरोबर घेऊन, आणि दोघेहि घरचेच असल्यासारखे वावरूं लागले. गुरुजींनीं माझ्या मांडीवर थाप मारली. "अरे, संपूर्ण मालकंस हा!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतें, तें स्वरानें आलें, कीं माझ्या चेहऱ्याकडे पाहून हंसल्यामुळें, हें सांगवत नाहीं. मीं खोडरबर काढलें नाहीं. 'मालकंस' या शब्दाआधीं 'संपूर्ण' हा शब्द कसाबसा दाटून बसविला. त्यानंतर तासभर समोर काय घडत होतें याचें वर्णन मी करूं गेल्यास फसेन.

आतां तरी बिहागडा येईल या आशेनें मी गुरुजींकडे पाहिलें. बुवांनीं तंबोरा कानाशीं धरून ऐकला, आणि तिसरेंच कांहीं आरंभिलें. दहा मिनिटांचें गाणें. मधेंच केदार दिसे, मधेंच तो नाहींसा होई. मी गोंधळून गेलों. गुरुजी मात्र प्रसन्न मुद्रेनें मान डोलवीत होते. शेवटीं एक कन्नड वचन झालें आणि बैठक उठली.

परततांना मीं म्हटलें, "गुरुजी, बिहागडा राहिला."

"बिहागड्याचें काय घेऊन बसलास? तिसरा ओळखलास का?"

"नाहीं. आपण सांगा."

"आधीं तूं विचार कर. आठवड्यानें सांगेन."

मास्तरी खोड ती! आठवड्यानें गेलों, तों म्हणाले, "वही मिटून ऐक, म्हणजे सुचेल." असें दोन-तीन वेळां झालें. त्याच वर्षीं चैत्रांत गुरुजी वारले.

बुवाहि 12 सप्टेंबर 1992 रोजीं गेले. त्यांच्या ध्वनिफितींचा मजजवळ बऱ्यापैकीं संग्रह झाला. बिहागडा संपूर्ण आहे. वीज असो वा नसो, तो अर्ध्यावर बंद करण्याचा मला धीर होत नाहीं. केदाराशीं नातें सांगणारे राग मीं शोधशोधून ऐकले. त्या दहा मिनिटांतलें तें कांहीं अजून सांपडलेलें नाहीं. वहींत त्या तारखेपुढें दोन नांवें आहेत आणि त्यांच्या खालची ओळ कोरी आहे.